विम्याचा कागद एकदा वाचून ठेवा



आपल्या वाशिम जिल्ह्यात विमा म्हटले की आधी आठवतो तो पीकविमा. सोयाबीन आणि तुरीच्या मुलखात ते साहजिकच आहे. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीकविमा मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून ही सवलत थांबली आणि खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांसाठी शेतकऱ्याला पुन्हा विमा रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता भरावा लागू लागला. त्या दोन टक्क्यांवर गावोगावच्या पारावर आणि बाजार समितीच्या आवारात भरपूर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण ज्या घरात आपण राहतो, ज्या मोटारसायकलवरून लेकराला शाळेत सोडतो आणि ज्या दुकानावर संसार चालतो, त्यांच्या विम्याबद्दल मात्र आपण क्वचितच बोलतो. आज त्याविषयी थोडे बोलायचे आहे.

माझी ओळख आधी सांगतो. मी नुकसानीची पाहणी करणारा सर्वेअर आहे. आग लागली, गाडी उलटली, नाल्याचे पाणी दुकानात शिरले की विमा कंपनी ज्या माणसाला पाहणीसाठी पाठवते, तो मी. कारंज्यापासून रिसोडपर्यंत आणि मानोऱ्यापासून मालेगावपर्यंत या कामासाठी माझे फिरणे होते. मी विमा विकत नाही. त्यामुळे अमुकच कंपनीची पॉलिसी घ्या, असे मी सांगणार नाही. मी लोकांच्या दारात जातो ते नुकसान झाल्यावर. तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच प्रकार दिसतो. विम्याचा कागद कपाटातून पहिल्यांदा बाहेर निघतो आणि त्यावर काय लिहिले आहे, ते घरातली माणसे पहिल्यांदा वाचतात. त्या वेळी वाचून उपयोग नसतो. तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखेच ते.

पीकविम्याची सवय इथे लावून चालत नाही, हे आधी लक्षात घेऊ. पीकविम्यात हप्त्याचा मोठा वाटा सरकार उचलते आणि नुकसान ठरते ते महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवरून. घर, गाडी आणि दुकान यांच्या विम्यात सरकारचा वाटा नाही आणि सरासरीही नाही. नुकसान तुमचे एकट्याचे आणि भरपाई तुमच्याच कागदावरून. शेजाऱ्याला मिळाले म्हणून मला मिळेल, असे इथे होत नाही.

मग हप्ता ठरतो कसा? तीन गोष्टींवरून. पहिली, वस्तूची किंमत किती सांगितली. दुसरी, तिला धोका किती. म्हणजे घराच्या भिंती आणि छप्पर कशाचे, गाडी खासगी की भाड्याची, दुकानात कापड की फटाके. तिसरी, कोणकोणत्या संकटांपासून संरक्षण मागितले. या तीन गोष्टींवरून हप्ता ठरतो आणि नुकसान झाल्यावर भरपाईही याच तीन गोष्टींवरून ठरते. म्हणून हप्ता कमी व्हावा म्हणून आपण जे गाळतो, ते पुढे भरपाईतूनही गळते. माझ्या आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे.

या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तीच्या आयुर्विम्यावरचा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेव्हा सगळाच विमा करमुक्त झाला असा काहींचा समज झाला. मोटारसायकल, घर आणि दुकान यांच्या विम्याला ती सूट लागू नाही.

आणखी एक प्रश्न नेहमी विचारला जातो. एकाच गाडीचा हप्ता दोन कंपन्यांकडे वेगवेगळा कसा? १ जानेवारी १९७३ पासून देशातला सर्वसाधारण विमा सरकारी कंपन्यांकडे आला आणि पुढची अनेक वर्षे दरपत्रक ठरलेले असे. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण आले, त्यानंतर खासगी कंपन्या आल्या आणि २००७ पासून बहुतेक दर मोकळे झाले. तेव्हापासून कंपनीनुसार हप्ता बदलतो. म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारणा करणे शहाणपणाचे आहे. फक्त तुलना करताना विमा रक्कम आणि संरक्षण दोन्हीकडे सारखे आहे ना, ते पाहावे. एका दुकानातले पाव किलो आणि दुसऱ्या दुकानातले अर्धा किलो यांच्या भावाची तुलना होत नाही.

आता गाडीकडे वळू. गाडीच्या विम्याचे दोन भाग असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याची जबाबदारी. दुसरा, आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे पहिला भाग सक्तीचा आहे. तो नसताना गाडी चालवली, तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये. थर्ड पार्टीचे दर आजही कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, १,००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये आणि १,००० ते १,५०० सीसीच्या मोटारीला ३,४१६ रुपये असा दर होता. त्यावर कर वेगळा. म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या १०० सीसीच्या मोटारसायकलला करासह साडेआठशे रुपयांच्या आत. दिवसाला अडीच रुपयेही होत नाहीत.

त्याबदल्यात मिळते काय, ते पाहा. आपल्या गाडीच्या धडकेने रस्त्यावरचा माणूस दगावला, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवते, तिला या विम्यात वरची मर्यादा नाही. मरण पावलेला माणूस तरुण आणि कमावता असेल, तर ती रक्कम सहज पंधरा-वीस लाखांच्या घरात जाते. विमा नसेल तर ती गाडीमालकाने भरायची. अशा एका निकालापायी तीन एकर वावर विकायला काढलेले घर मी पाहिले आहे. साडेआठशे रुपयांपुढे तीन एकर, असा हा हिशेब आहे.

पण साध्या थर्ड पार्टी विम्यात काय नाही, तेही समजून घ्यावे. आपल्याकडे दुचाकी म्हणजे डबलसीट, आणि कधीकधी त्याहून जास्त. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले आहे की, फक्त कायद्यापुरत्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे बसलेल्या माणसाची जोखीम येत नाही. ती येते पॅकेज पॉलिसीत, जिला आपण फुल इन्शुरन्स किंवा फर्स्ट पार्टी म्हणतो, किंवा त्यासाठी जादा हप्ता भरलेला असेल तर. मागे बसणारी व्यक्ती बहुधा आपलीच बायको, आई किंवा भाऊ असते. म्हणून पॉलिसी घेताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट मालकाची. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मिळतो नोंदणीपुस्तकावर ज्याचे नाव आहे त्याला, आणि त्याच्याकडे चालू परवाना असेल तर. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, हे घरोघरी आहे. मुलाला काही झाले, तर या १५ लाखांवर त्याचा हक्क नसतो. त्याच्यासाठी वेगळा अपघात विमा काढावा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा २ लाखांचा अपघात विमा तर १८ ते ७० वयाच्या प्रत्येकाने घ्यावा.

तिसरी गोष्ट ट्रॅक्टरची. लग्नाचे वऱ्हाड, पोहरादेवीच्या यात्रेला निघालेली मंडळी, मजुरीला जाणाऱ्या बाया, सगळ्यांना ट्रॉलीत बसवून नेण्याची आपल्याकडे रीत आहे. ट्रॅक्टर आणि ट्रॉली शेतीकामासाठी विमा उतरवलेली असते, माणसे नेण्यासाठी नाही. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडे देऊन बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगितले आहे. ट्रॉली उलटली, तर आत बसलेल्या वीस माणसांच्या भरपाईचा भार ट्रॅक्टरमालकावर येऊ शकतो. बसलेल्या माणसांच्या हाती मात्र काहीच लागत नाही, कारण मालकाकडे तेवढे पैसे नसतात. ट्रॉलीचा उल्लेख पॉलिसीत आहे की नाही, तेही बघून घ्या.

चौथी गोष्ट परवान्याची. इथे एक दिलाशाची बातमी आहे. छोटा हत्तीसारखे लहान मालवाहू वाहन चालवणाऱ्याकडे हलक्या वाहनाचा साधा परवाना असला, तर दाव्यावरून पूर्वी वाद होत. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला की, ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे असे वाहन त्या परवान्यावर चालवता येते. पण परवानाच नसेल किंवा मुदत संपलेली असेल, तर हा निकाल कामाला येत नाही.

आता स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग. इथे आयडीव्ही नावाचा आकडा महत्त्वाचा. आयडीव्ही म्हणजे गाडीची आज धरलेली किंमत. सर्वसाधारण कोष्टकाप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के, तीन ते चार वर्षांच्या गाडीला ४० टक्के घसारा धरतात. आठ लाखांची गाडी चौथ्या वर्षात ४ लाख ८० हजारांची होते. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली, तर हाच आकडा हाती येतो. हप्ता हजार रुपयांनी कमी दिसावा म्हणून एखाद्याने हा आकडा चार लाखांवर आणला, तर त्या हजाराची किंमत ऐंशी हजार झाली, असे समजा.

फुल इन्शुरन्स म्हणजे सगळेच फुल, हाही गैरसमज आहे. दुरुस्तीत रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांची निम्मी किंमत मालकाला सोसावी लागते. समोरचा बंपर आणि दिवे मिळून २० हजारांचे बिल झाले, तर १० हजार तुमचे. शिवाय लहान मोटारीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट. घसारा कापू नये यासाठी जी पॉलिसी मिळते, तिला गॅरेजवाले बंपर टू बंपर म्हणतात. तिचा हप्ता जास्त असतो. नव्या गाडीला ती परवडते. आठ-दहा वर्षांच्या गाडीला बहुधा मिळतही नाही.

आणि नो क्लेम बोनस. दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. समजा तुमचा या भागाचा हप्ता ६,००० रुपये आहे आणि सूट ३५ टक्क्यांपर्यंत आली आहे. म्हणजे वर्षाला २,१०० रुपये वाचतात. दाराला ओरखडा गेला, बिल साडेतीन हजार झाले. दावा केला तर वजावट जाऊन अडीच हजार मिळतील, पण सूट शून्यावर येईल आणि पुन्हा पायरीपायरीने चढावी लागेल. असे लहान बिल खिशातून भरलेले बरे. हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली, तर तो नव्या गाडीवर नेता येतो. पण पॉलिसीची मुदत संपून ९० दिवस उलटू दिले, तर तो जातो.

आता घर. आपल्या जिल्ह्यात घराचा विमा असलेली माणसे मला फार थोडी भेटतात. देवाच्या कृपेने काय होणार आहे, असा सूर असतो. पण मृगाच्या आधीच्या वादळात टीनपत्रे उडतात, दरवर्षी वीज कोसळते, नाल्याकाठच्या घरांत पाणी शिरते. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये भूकंपाचे धक्के बसले, ते आपल्याकडेही जाणवले. आपत्तीनंतर सरकारी मदत मिळते, ती मिळायलाच हवी. पण २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत सपाट प्रदेशातले पूर्ण पडलेले घर उभे करण्यासाठी १ लाख २० हजार रुपये धरले होते. आजच्या सिमेंट-लोखंडाच्या भावात तेवढ्यात किती घर उभे राहते, ते आपण जाणता.

१ एप्रिल २०२१ पासून सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना घरासाठी एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. तिचे नाव भारत गृह रक्षा. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दंगल, वाहनाची धडक अशी बहुतेक संकटे तिच्यात येतात. घराची रक्कम ठरवण्याची रीत सोपी आहे. आतले क्षेत्रफळ गुणिले आज बांधायला येणारा खर्च. ६०० चौरस फुटांचे घर आणि फुटाला १,८०० रुपये खर्च धरला, तर १० लाख ८० हजार. यात प्लॉटची किंमत धरायची नाही, कारण जमीन जळत नाही. घराचा विमा असला की घरातल्या सामानाला आपोआप त्याच्या २० टक्के, आणि जास्तीत जास्त १० लाख रुपये संरक्षण मिळते. आपल्या उदाहरणात ते २ लाख १६ हजार होते. दागिने मात्र यात येत नाहीत. ते वेगळे नोंदवावे लागतात. हप्त्याचा दर हजार रुपयांमागे मोजतात आणि पक्क्या घराला तो बहुधा पैशांतच असतो. एका दिवाळीच्या फटाक्यांच्या खर्चात वर्षभराचा हप्ता निघावा.

घराच्या बाबतीत तीन सूचना. भिंती मातीच्या आहेत की विटांच्या, छप्पर स्लॅबचे आहे की पत्र्याचे, ते खरे सांगा. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, गिरणी किंवा गॅस दुरुस्तीचे काम चालत असेल तर तेही सांगा, कारण तो भाग राहत्या घराच्या पॉलिसीत बसत नाही. आणि बँकेने गृहकर्ज देताना विमा काढला होता, एवढ्यावर विसंबू नका. तो अनेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो, घराचा नसतो. कागद उघडून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट विजेच्या शॉर्टसर्किटची. ज्या फ्रीजमध्ये किंवा मोटारीत शॉर्टसर्किट झाले, ते यंत्र स्वतः जळले तर आगीच्या साध्या विम्यात त्याची भरपाई नाही. पण तिथून पसरलेल्या आगीत बाकी जे जळले, त्याची आहे. यंत्रांसाठी वेगळी पॉलिसी लागते.

शेवटी दुकान आणि लहान उद्योग. किराणा, कापड, झेरॉक्स, पिठाची गिरणी, दालमिल, अडत, मोबाईल दुरुस्ती, हीच आपल्या जिल्ह्याची बाजारपेठ. इमारत, यंत्रे आणि माल मिळून ५ कोटी रुपयांपर्यंतच्या व्यवसायासाठी २०२१ पासूनच भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा नावाची पॉलिसी आहे. इथे मालाची किंमत खरी सांगण्याला फार महत्त्व आहे. राहत्या घराच्या पॉलिसीत रक्कम थोडी कमी धरली गेली, तर त्या प्रमाणात भरपाई कापत नाहीत. दुकानाच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून देतात, त्यापुढे कापतात. दुकानात १० लाखांचा माल आहे, विमा ५ लाखांचाच घेतला आणि ४ लाखांचा माल जळला. दुकानदाराला वाटते, ४ लाख तर ५ लाखांच्या आत आहेत, सगळे मिळतील. तसे होत नाही. निम्म्याच मालाचा हप्ता भरला, म्हणून भरपाईही निम्मी, २ लाख. दिवाळीच्या किंवा लग्नसराईच्या आधी माल वाढतो, तेव्हा रक्कमही वाढवून घ्यावी.

चोरीचे संरक्षण आगीच्या पॉलिसीत गृहीत धरू नका. दुकान फोडून होणाऱ्या चोरीसाठी वेगळा भाग घ्यावा लागतो आणि त्यात कुलूप, शटर किंवा भिंत फोडल्याच्या खुणा पाहतात. ओलाव्याने कुजलेला किंवा उंदरांनी खाल्लेला माल कोणत्याही आगीच्या पॉलिसीत येत नाही. आणि बँकेच्या कॅश क्रेडिटसाठी विमा असेल, तर भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो.

पत्त्याचे महत्त्व सांगण्यासाठी एक प्रसंग सांगतो. एका तालुक्याच्या गावी धान्याचा लहानसा व्यापारी होता. नऊ वर्षे त्याने हप्ता एकदाही चुकवला नाही. धंदा वाढला तसे त्याने स्टँडजवळ मोठे गोदाम भाड्याने घेतले आणि माल तिकडे हलवला. पॉलिसीवर मात्र जुन्या गोदामाचा घर क्रमांक तसाच राहिला. एका रात्री नव्या गोदामाला आग लागली. सहा लाखांच्या आसपासचा माल गेला. मी पाहणीला गेलो तेव्हा राखेतून अजून धूर निघत होता. कागदावरच्या पत्त्यावर एक पोतेही जळालेले नव्हते. जे दिसले तेच मला अहवालात लिहावे लागले. त्याची म्हातारी आई बाजूला बसली होती. ती म्हणाली, "नऊ वर्सं पैसे भरले ना जी आमी, मंग ते गेले कुठी?" त्या माउलीला काय उत्तर द्यावे, ते मला सुचेना. पैसे जुन्या गोदामाच्या रक्षणासाठी गेले होते आणि जुने गोदाम शाबूत होते. पत्ता बदलायला एक अर्ज आणि थोडासा फरक भरणे, एवढेच लागले असते. पुढची तीन वर्षे तो माणूस दुसऱ्याच्या अडतीवर मुनीम म्हणून काम करीत होता.

नुकसान झाले तर काय करावे, हेही सांगतो. पहिले, कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. चोरी असेल तर पोलीस ठाण्यात एफआयआर, आग असेल तर अग्निशमन दलाचा दाखला, पूर-वादळ असेल तर तलाठ्याचा पंचनामा. मोबाईलवर भरपूर फोटो काढा. पाहणी होण्याआधी जळके सामान फेकू नका, गाडी गॅरेजमध्ये उघडू नका. खरेदीची बिले आणि जीएसटीची विवरणपत्रे जवळ ठेवा. त्यांची एक प्रत दुकानाबाहेर, घरी किंवा मोबाईलमध्ये असू द्या, कारण दुकानासोबत बिलेही जळतात. सर्वेअरचे शुल्क कंपनी देते. तुम्ही त्याला काही द्यायचे नसते. त्याच्या अहवालाची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

दावा नाकारला किंवा कमी केला, तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. विमा नियामक प्राधिकरणाच्या बिमा भरोसा व्यवस्थेतही १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे ५० लाख रुपयांपर्यंतचे वाद चालतात, फी नाही, वकील लागत नाही. एकट्या मालकीचे दुकान असेल तरीही ही वाट मोकळी आहे. मात्र कंपनीच्या नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

हे सगळे ऐकून कुणाला वाटेल, मग प्रत्येक गोष्टीचा विमा काढायचा का? नाही. ज्या नुकसानीने आपले महिन्याचे गणित बिघडेल, ते सोसावे. ज्या नुकसानीने पोरांचे शिक्षण थांबेल, वावर विकावे लागेल, दुकान बंद पडेल, त्याचा विमा काढावा. काचेला तडा गेला तर चालते. घर गेले तर चालत नाही. पैसे कमी असतील तर आधी थर्ड पार्टी आणि अपघात विमा, मग घर आणि माल, आणि मग उरलेले, असा क्रम मी सुचवीन.

आणि एक काम येत्या आठवड्यात करा. घरातले विम्याचे सगळे कागद एकत्र काढा. त्यावर सहा गोष्टी तपासा. नाव बरोबर आहे का? पत्ता किंवा गाडीचा क्रमांक आजचा आहे का? रक्कम आजच्या किमतीशी जुळते का? मुदत कधी संपते? वापर जो लिहिला आहे, तोच प्रत्यक्षात आहे का? आणि काय मिळणार नाही, त्याची यादी कुठे आहे? इंग्रजी समजत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलीला किंवा मुलाला वाचायला बसवा. न कळलेल्या ओळीखाली रेघ मारा आणि एजंटला किंवा कंपनीला त्या ओळीचा अर्थ लेखी विचारा. मुदत संपण्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, कारण विम्याची जोखीम हप्ता जमा झाल्यावरच सुरू होते. एक दिवस मधला गेला, तर त्या एका दिवसाचे आपण आपल्या भरवशावर.

हा कागद तुमच्या पैशांनी घेतलेला आहे. त्यावर काय लिहिले आहे, ते सर्वेअर दारात येण्याआधी तुम्हाला माहीत असावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो. नमस्कार.